चपलांजवळची जागा

सुखरामने उजव्या पायातली वहाण काढली, डावी काढायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. त्याच्या जागेवर कोणीतरी बसले होते.

तशी ती जागा कोणाला हेवा वाटावा अशी नव्हती. गिरजाघराच्या दाराला लागून, जिथे सगळ्या मंडळीच्या चपलांचा ढीग पडायचा, तिथला चटईचा फाटका कोपरा. हिवाळ्यात तिथे वारा झोंबायचा, पावसाळ्यात ओल यायची आणि बाराही महिने गावातले एखादे कुत्रे डोकावून, आत खायचे काही नाही याची खात्री करून परत जायचे. त्या कोपऱ्यासाठी भांडायला आजवर कोणी आले नव्हते. म्हणूनच तर तो सुखरामचा होता.

सुखराम पूर्वी पहिल्या रांगेत बसायचा. बोडीखालची, म्हणजे गावतळ्याच्या पाण्यावरची, धानाची चांगली जमीन, पक्के घर, मंडळीत शब्दाला वजन. स्वराज्य आले, मंडळीचे गोरे पाद्री साहेब आपली वाजवायची पेटी आणि एक खुर्ची मागे ठेवून मायदेशी गेले, आणि ईश्वरदास पाळक झाले. त्यांनी एका रविवारी प्रभूची मेजवानीची शिकवण समजावून सांगितली. जेवायला बोलावले तर वरच्या जागी जाऊन बसू नये, खालची जागा धरावी. यजमानाला वाटले तर तो स्वतः वर बोलावील. सुखरामच्या काळजाला ते लागले. पुढच्या रविवारी तो चपलांजवळ जाऊन बसला. त्या दिवशी त्याचे मन खरोखर हलके झाले होते, हे सांगितलेच पाहिजे; नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

घोळ केला तो ईश्वरदासांच्या चांगुलपणाने. त्यांनी समोरून हाक मारली, "सुखरामजी, पुढे या."

सुखरामने हात वर केला. "नाही जी. अठीच बरं आहे."

सगळ्या मंडळीने माना वळवून त्याच्याकडे पाहिले. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींना खूण केली. एवढा बोडीवाला माणूस, आणि बसला कुठे पाहा. ते पाहणे सुखरामला गुळाच्या खड्यासारखे गोड लागले. त्यानंतर दर रविवारी पाळक बोलवायचे, सुखराम हात वर करायचा, माना वळायच्या आणि मग पहिले गीत सुरू व्हायचे. एकदा पाळकांना पडसे झाले आणि ते बोलवायला विसरले, तर त्या दुपारी सुखरामला जेवण गेले नाही. नवीन तांदूळ कडक शिजला म्हणून तो बायकोवर उगाच चिडला.

आणि आज त्या जागेवर हा बसला होता. बकाराम. सडक अर्जुनीकडून नुकताच आलेला, ठोक्याने, म्हणजे खंडाने, दुसऱ्याची जमीन करणारा, बायकोला घेऊन लांबच्या पाड्यावरून बैलगाडीने उपासनेला येणारा. अंगात आखूड बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नाही.

सुखराम त्याच्या वितभर पुढे बसला. पाठीमागे कोणी बसण्याची त्याला सवय राहिली नव्हती. मानेला सारखे काहीतरी टोचत होते. ईश्वरदासांनी मंडळीवरून नजर फिरवली, ती सुखरामवर येऊन थांबली, आणि ते मनापासून खूश झाले.

"सुखरामजी, आज थोडे पुढे सरकलात. बरं झालं."

माना वळल्या, पण त्यात आज गुळाची चव नव्हती.

घरी त्याची बायको शामकला सुपात लाखोरीची डाळ घेऊन खडे निवडत बसली होती. सुखरामने टोपी खुंटीला अडकवली. ती खाली पडली, ती त्याने पुन्हा अडकवली.

"तो बकाराम," तो म्हणाला, "मुद्दाम बसते तठी. लोकाईनं पाहावं म्हून. मी गरीब, मी लहान, असं दाखवाचं. सारं ढोंग आहे."

"कायवरून?"

"दिसते ना वं. मले लगेच ओळखू आलं."

"तुमाले नाही तर कोनाले येईल," शामकला म्हणाली आणि सूप पाखडू लागली. तिचे खांदे का हलताहेत हे सुखरामला कळले नाही. पाखडताना हलतातच, असे त्याने धरून घेतले.

पुढच्या रविवारी तो घंटा व्हायच्या आधीच जाऊन बसला. घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. दुधराम त्यावर हातोडी मारायचा. रिकाम्या गिरजात एकट्या सुखरामला कोपऱ्यात बसलेला पाहून दुधराम चपापला. "काही इपरीत झालं का भाऊ?" त्याने विचारले. सुखरामने नुसती मान हलवली.

बकाराम उशिरा आला. बैल सोडून, चिंचेला बांधून, बायकोला बायांच्या बाजूला धाडून दारात उभा राहिला. कोपरा भरलेला होता. तो उंबरठ्याच्या बाहेर, पडवीत बसला. म्हणजे पुन्हा सुखरामच्या मागेच.

मग त्याच्या पुढच्या रविवारी सुखराम पडवीत बसला. बकाराम पायरीवर बसला. ईश्वरदासांना समोरून सुखरामची फक्त टोपी दिसत होती. त्यांनी काळजीने विचारले, "सुखरामजी, पोट बरं नाही का? बाहेर जायचं असेल तर खुशाल जा."

पोरे हसली. बायांच्या बाजूलाही कोणीतरी पदर तोंडाला लावला, आणि ती बहुतेक शामकलाच होती.

प्रार्थनेच्या वेळी सुखरामने बकारामवर पाळत ठेवली. एक डोळा त्याने तेवढ्यासाठीच उघडा ठेवला होता. बकारामचे तर दोन्ही डोळे उघडे. वर तोंडातल्या तोंडात काहीतरी चुकचुक आणि नजर बाहेर अंगणात. सुखरामला मनातून फार बरे वाटले. नम्रता कसली आणि काय, या माणसाचे देवाकडेही लक्ष नाही. आपण मात्र निदान एक डोळा तरी मिटला आहे.

धान कापून झाले. शेतात पेंढ्यांची पुंजणे रचली गेली. आणि हंगामाचा सण आला. या सणाला प्रत्येक घर आपल्या नव्या पिकाची पेंढी गिरजात आणते. ती आधी देवापुढे ठेवायची आणि मगच घरच्या खळ्यावर मळणीला बैल फिरवायचे, असा इथला रिवाज. त्या वर्षी सणाला नागपूरचे मोठे पाळकसाहेब येणार होते. ईश्वरदास सुखरामच्या ओसरीवर चहा पिता पिता म्हणाले,

"तुमच्याबद्दल मी त्यांना सांगून ठेवलं आहे. त्यांना फार आवडलं. ते स्वतः तुम्हाला शेवटच्या जागेवरून पुढे बोलावणार आहेत. पहिली पेंढी तुमच्याच हातून ठेवायची."

सुखराम म्हणाला, "मी काय एवढा जी." पण रिकामा झालेला कप त्याने पुन्हा एकदा ओठांना लावला.

त्याला त्या रात्री एकच विवंचना होती. मोठे पाळकसाहेब शेवटच्या जागेकडे बोट करणार, आणि तिथे बकाराम बसलेला असणार. पहिली पेंढी बकारामच्या हाती जाणार. इतक्या वर्षांचे वारे आणि ओल आपण सोसली, आणि फळ खाणार हा कालचा माणूस.

सणाच्या आदल्या दिवशी बाया गिरजाचे अंगण सारवत होत्या आणि बाप्ये तोरणे बांधत होते. सुखरामने बकारामला चिंचेखाली गाठले.

"बकाराम, उद्या मी तठी बसीन म्हणतो. दाराजवळ."

"बसा ना जी."

एवढ्या लवकर हो येईल असे सुखरामला वाटले नव्हते. त्याने दोन-तीन कारणे तयार करून आणली होती, ती तशीच उरली.

"तुले वाईट तर नाही ना वाटनार?"

"वाईट कायले वाटन?" बकारामने कान खाजवला. "पन एक करजा जी. माया खैऱ्याकडे ध्यान ठेवजा. थो दोरीची गाठ शिंगानं सोडते. लय खोडीचा बैल आहे. मी दिसत राहिलो आन् जरासा चुकचुक केला का उभा राहते. नाही दिसलो का चालला. त्या दारातूनच चिंच दिसते, आतमंदी बसलं का नाही दिसत."

सुखरामने दाराकडे पाहिले, मग चिंचेकडे, मग पुन्हा दाराकडे.

"तू एवढ्यासाठी तठी बसतस?"

"मंग आनखी कायसाठी जी?"

बकारामने हे इतक्या सरळपणे विचारले की सुखरामला तोंड कुठे लपवावे कळेना. आपण या माणसाविषयी काय काय बोललो, कोणाकोणाजवळ बोललो, ते त्याला घरी जाताना वाटभर आठवत गेले. तो खरोखर लाजला. पण बोडीच्या बांधापर्यंत पोचला तेव्हा त्याच्या मनाने पुन्हा उचल खाल्ली. बकाराम बैलासाठी बसतो, म्हणजे नम्रतेसाठी बसणारा मंडळीत आपण एकटेच उरलो. या विचाराने त्याला छान झोप लागली.

सणाच्या दिवशी पडवीत पेंढ्यांची रास लागली. डांगरे, पेरू, ऊस, नव्या तांदळाच्या टोपल्या, आणि पाय बांधलेली एक कोंबडी, जी प्रत्येक गीतात आपला सूर मिसळत होती. मोठे पाळकसाहेब तिरोड्याला रेल्वेतून उतरले आणि गाडीतून हिंदकळत आले. सुखराम कोपऱ्यात बसला होता. धोतराला कडक खळ, टोपी नवी. सगळे त्याने मनात बसवून ठेवले होते: पहिल्या हाकेला हात वर करायचा, दुसऱ्या हाकेला हात जोडायचे, आणि तिसऱ्या हाकेला, आता नाइलाज आहे अशा चेहऱ्याने, सावकाश उठायचे.

बकारामला दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही. दुधरामने त्याला ओढून थेट पहिल्या रांगेत बसवले. तो तिथे काट्यावर बसल्यासारखा बसला होता आणि मान वळवून वळवून दाराकडे पाहत होता. सुखरामने त्याला लांबून हाताने खूण केली, की मी आहे. बकाराम निश्चिंत झाला आणि समोर पाहू लागला.

पाळकसाहेब बोलू लागले. आवाज खणखणीत होता. बोलता बोलता ते मेजवानीच्या शिकवणीवर आले. सुखरामने टोपी नीट केली, आणि त्याच वेळी चिंचेखाली खैऱ्याने मान खाली घातली, शिंग दोरीत अडकवले आणि एक हिसका दिला.

सुखरामने बकारामसारखा चुकचुक आवाज काढला. खैऱ्याने त्याच्याकडे पाहिले. ओळख पटली नाही. तो शांतपणे पडवीकडे निघाला.

"मी ऐकलं आहे," आत पाळकसाहेब म्हणत होते, "की या मंडळीत एक भाऊ आहे..."

खैऱ्याने पायरीवर पुढचा पाय ठेवला. सुखरामच्या मनात भराभर हिशोब सुरू झाले. खाल्ली एखादी पेंढी तर काय बिघडणार आहे. मुके जनावर आहे, सणाचा दिवस आहे, त्यालाही मिळू दे. बैल बकारामचा आहे, बोल लागला तर त्याला लागेल. कोणाला कळणार आहे की आपण पाहत होतो. त्याने समोर पाहिले. पहिल्या रांगेत बकारामची पाठ दिसत होती. ती आता एकदाही वळत नव्हती. त्या पाठीला पक्के ठाऊक होते की मागे सुखराम आहे.

खैऱ्याने राशीवर तोंड नेले.

सुखराम उठला. वाकून, कोणाच्या ध्यानात न येता, अनवाणीच बाहेर गेला आणि त्याने बैलाची वेसण धरली. खैऱ्याला हे मुळीच आवडले नाही. त्याने सुखरामला पायऱ्यांवरून खाली ओढले, सारवलेल्या अंगणातून फरफटवले आणि चिंचेपाशी आल्यावर, आपल्याला कुठे जायचेच नव्हते असा उभा राहिला. दोरी तुटली होती. आता धरून उभे राहण्याखेरीज उपाय नव्हता.

आणि तेवढ्यात गिरजातून हाक आली.

"सुखरामजी, पुढे या."

सुखरामचा मोकळा हात आपोआप वर गेला. पाहणारे कोणी नव्हते.

"सुखरामजी."

आत कुजबुज झाली. सुखरामने वेसण सोडून पाहिली. खैऱ्या लगेच पडवीकडे वळला, तशी त्याने ती पुन्हा धरली.

तिसरी हाक आली, ती ईश्वरदासांच्या आवाजात होती आणि जराशी रडवेली होती. मग गीत सुरू झाले. पेटीच्या सुरावर पहिली पेंढी कोणीतरी दुसऱ्यानेच उचलली असणार. सुखराम ते ऐकत उभा राहिला. त्याला रडूच यायचे, पण खैऱ्याने आपले ओले नाक त्याच्या कडक खळीच्या धोतराला वरपासून खालपर्यंत घासले, आणि ते धोतर पाहून सुखरामला त्याही स्थितीत हसू फुटले.

उपासना संपली. मंडळी बाहेर आली, आणि सर्वांच्या पुढे मोठे पाळकसाहेब, दोन्ही हात पसरून.

"हेच का ते?" त्यांनी ईश्वरदासांना विचारले आणि सुखरामचा हात हातात घेतला. "भाऊ, मी पुष्कळ नम्र माणसं पाहिली. पण मान द्यायला बोलावलं तर जागा सोडून बाहेर निघून जाणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. मी हे नागपूरला सांगणार आहे."

भोवती सगळी मंडळी उभी होती. म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी होते. दुधराम तोंड उघडे ठेवून पाहत होता. इतक्या वर्षांत मिळाला नव्हता एवढा मोठा गुळाचा खडा कोणीतरी सुखरामच्या अगदी ओठांशी आणून धरला होता. काही करायचे नव्हते, फक्त मान खाली घालून गप्प उभे राहायचे होते. तसे उभे राहण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते.

गर्दीच्या मागे बकाराम टाचा उंचावून आपला बैल धड आहे का ते पाहत होता.

"नाही जी," सुखराम म्हणाला. "बैल सुटला होता."

"काय?"

"बैल सुटला होता. पेंढ्या खाऊन टाकल्या असत्या. म्हून आलो." मग एक दम घेऊन तो म्हणाला, "नाही तर मी बसूनच होतो. तुमी कधी बोलावता, वाटच पाहून राहिलो होतो."

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मग कोंबडी ओरडली, मग शामकला हसली, आणि मग खुद्द मोठे पाळकसाहेब असे मोठ्याने हसले की खैऱ्याने दोन पावले मागे घेतली. बकारामने येऊन वेसण आपल्या हातात घेतली.

"लय तरास देला का जी?"

"नाही," सुखराम म्हणाला. "मायाच बरोबरीचा आहे."

परतताना शामकलाने त्याच्या धोतराकडे पाहिले. घरी आल्यावर तिने त्याला भातावर न मागता जास्तीचे तूप वाढले.

पुढच्या रविवारी सुखराम घंटेनंतर आला. कोपऱ्यात बकाराम बसला होता. सुखरामने त्याला रामराम घातला आणि तो मधल्या रांगेत, खांब आणि दुधराम यांच्या मध्ये जिथे जागा होती तिथे बसला. ईश्वरदासांनी सवयीने दाराकडे पाहिले, पुढे पाहिले, त्यांना सुखराम काही दिसला नाही. गीत सुरू झाले. कोणाचीही मान वळली नाही.

प्रार्थनेला सुखरामने दोन्ही डोळे मिटले. फार निवांत वाटत होते. आपण इथे बसलो आहोत हे कोणालाही ठाऊक नाही, त्याने समाधानाने विचार केला. त्या दिवशी गप्प राहिलो असतो तरी चालले असते. तरी खरे सांगितले. सगळ्यांसमोर सांगितले. दुसऱ्या कोणाची छाती झाली असती का? दुधरामची तर नक्कीच नाही. आणि एवढे करूनही आज आपण पाहा कसे, मधल्या रांगेत, साध्यासारखे...

सुखरामने डोळे खाडकन उघडले. मग त्याच्या पोटातून हसू आले, ते दाबता दाबता त्याला ठसका लागला, आणि दुधरामने कोपर मारून हळूच विचारले,

"काय झालं गा?"

"काही नाही," सुखराम पुटपुटला. "बैल सुटला होता."

दुधरामने मान उंच करून दारातून बाहेर पाहिले. चिंचेखाली खैऱ्या नव्या दोरीला बांधलेला, डोळे मिटून रवंथ करत उभा होता.